मार्गेट : एका उजाड झालेल्या किनाऱ्याची कथा

इंग्लंडच्या आग्नेय टोंकाला, केंट परगण्यांत, थॅनेट नांवाचा एक भूभाग आहे. एके काळीं तो बेट होता. मधली खाडी हळूहळू गाळानें भरून आली आणि बेट मुख्य भूमीला जोडलें गेलें. नांव मात्र अद्याप 'आइल ऑफ थॅनेट' असेंच आहे. या भूभागाच्या उत्तर कांठावर, खडूच्या पांढऱ्या कड्यांच्या कुशींत एक अर्धचंद्राकृति पुळण आहे आणि तिच्याभोंवतीं मार्गेट हें गांव वसलें आहे. गांव इंग्लंडच्या पूर्व बाजूस असूनहि त्याचें तोंड उत्तरेकडे असल्यामुळें येथें सूर्य समुद्रांत मावळतांना दिसतो. त्या वेळच्या आकाशाची कीर्ति चित्रकारांत दोनशें वर्षें गाजत आहे. परंतु अडीच-तीनशें वर्षांपूर्वीं तें आकाश पाहण्यासाठीं कोणी मुद्दाम येत नसे. कोळ्यांची वस्ती आणि लंडनकडे धान्य नेणाऱ्या गलबतांचा धक्का, एवढेंच तेव्हां मार्गेटचें वैभव होतें.

गांवाचें नशीब उघडलें तें डॉक्टरांमुळें. समुद्रस्नान हें औषध आहे, किंबहुना समुद्राचें पाणी थोडें पोटांतहि घ्यावें, अशी समजूत अठराव्या शतकांत इंग्रज वैद्यांत पसरली आणि धनिक कुटुंबें समुद्रकांठचीं गांवें शोधूं लागलीं. स्नान हें औषध ठरल्यामुळें त्यांत मौजेचा भाग थोडा आणि मर्यादेचा फार. स्नानेच्छु व्यक्तीनें चाकांच्या लांकडी खोलींत बसावें. घोड्यानें ती खोली पाण्यांत ओढून न्यावी. आंत कपडे बदलून पायऱ्यांनीं हळूच पाण्यांत उतरावें, असा सगळा थाट होता. मार्गेटच्या बेंजामिन बील नांवाच्या क्वेकरपंथी गृहस्थानें शतकाच्या मध्याच्या सुमारास या गाडीच्या मागील बाजूस एक कापडी छत्र बसविण्याची युक्ति काढली. तें खालीं सोडलें कीं उतरणाऱ्याभोंवतीं पाण्यावर जणूं तंबूच उभा राही आणि किनाऱ्यावरील नजरांना कांहींहि दिसत नसे. शोध लहानसाच, पण कुलीन स्त्रियांचा संकोच त्यामुळें दूर झाला आणि मार्गेटचें नांव लंडनच्या दिवाणखान्यांत पोंचलें.

मार्गेटनें केवळ धनिकांकडेच पाहिलें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. डॉ. जॉन कोकले लेट्सम हेहि क्वेकरच. लंडनच्या कोंदट गल्ल्यांतील गरिबांना गंडमाळा व क्षय यांनीं ग्रासलेलें पाहून त्यांनीं समुद्रस्नानाचें रुग्णालय काढण्याचा संकल्प १७९१ सालीं सोडला, आणि १७९६ सालीं तें मार्गेट येथें उघडलें. रोग्यांच्या खाटा उघड्या ओसरीवर मांडीत, म्हणजे खारें वारें त्यांच्या अंगावरून जाई. पुढें दोनशें वर्षें हें रुग्णालय चाललें. गांवाच्या कीर्तीचे दोन पाय येथेंच दिसतात. एक हौशीचा, दुसरा आधाराचा. या दुसऱ्या पायाचा विसर पुढच्या काळांत पुष्कळांना पडला.

त्यानंतर प्रवासाचीं साधनें वाढत गेलीं तसतसें गांव फुगत गेलें. पूर्वीं टेम्स नदीच्या मुखांतून शिडाचीं गलबतें येत. वारा पडला तर उतारूंना रात्र पाण्यावर काढावी लागे. १८१५ सालीं आगबोटी सुरू झाल्या. १८४६ सालीं एका कंपनीची आगगाडी आली, १८६३ सालीं दुसरीची. बोटींना लागावयास सोय व्हावी म्हणून युजीनियस बर्च या स्थापत्यविशारदानें समुद्रांत लांबवर शिरणारा लोखंडी धक्का १८५५ सालीं बांधला. १८७१ सालीं पार्लमेंटनें बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा केला आणि एका दिवसाची सुटी हातीं आलेला लंडनचा कारकून, शिंपी व गिरणीकामगार बायकामुलांसह मार्गेटच्या गाडींत चढला. प्रतिष्ठित मंडळींना हें रुचलें नाहीं. त्यांनीं पूर्वेकडील कड्यावर क्लिफ्टनव्हिल नांवाची आपली निराळी वस्ती केली, मोठमोठीं हॉटेलें बांधलीं आणि खालच्या पुळणीवरील गर्दीकडे तेथून पाहत राहिली.

या काळांत मार्गेटला दोन मोठ्या माणसांचे पाय लागले. त्यांतील पहिला चित्रकार टर्नर. तो अकरा वर्षांचा असतांना त्याला हवापालटासाठीं येथें पाठविण्यांत आलें होतें व कांहीं काळ तो येथील शाळेंत गेला होता. उतारवयांत तो पुन्हा पुन्हा येऊं लागला, आणि बंदराच्या लगत सोफिया बूथ नांवाच्या बाईचें भाडेकरी ठेवण्याचें घर होतें, तेथें उतरूं लागला. युरोपांत थॅनेटसारखें सुंदर आकाश नाहीं, असें त्याचें मत होतें. पुढें ही बाई विधवा झाल्यावर त्याची सहचारिणीच बनली. लंडनमध्यें चेल्सी भागांत दोघें राहत असतां शेजारीपाजारी त्याला मिस्टर बूथ या नांवानेंच ओळखत. १८५१ सालीं तेथेंच त्याचा अंत झाला. एवढ्या मोठ्या चित्रकारानें घरमालकिणीचें नांव लावून राहावें, यांत त्याच्या स्वभावाचें एक कोडें आहे. पण तो विषय निराळा.

दुसरा कवि टी. एस. एलियट. १९२१ सालच्या शरदृतूंत त्याचें मन इतकें थकलें होतें कीं बँकेंतील नोकरींतून त्याला विश्रांतीची रजा घ्यावी लागली. तो क्लिफ्टनव्हिलमधील एका हॉटेलांत सुमारें तीन आठवडे राहिला. रोज समुद्रकांठच्या एका आडोशाखालीं जाऊन बसे. लांकडी बांकें, वर कौलारू छप्पर आणि समोर ओहोटीची ओली पुळण. 'द वेस्ट लँड' या त्याच्या दीर्घ काव्याचा कांहीं भाग त्यानें येथें लिहिला, आणि मार्गेटच्या पुळणीचा उल्लेखहि त्यांत केला. तें काव्य १९२२ सालीं प्रसिद्ध झालें. आडोसा अजून उभा आहे. २००९ सालीं त्याची नोंद संरक्षित वास्तूंच्या यादींत झाली.

परंतु सामान्य लंडनकराच्या मनांत मार्गेट म्हटलें कीं टर्नर येत नसे आणि एलियट तर नाहींच नाहीं. त्याच्या मनांत ड्रीमलँड येई. ओस पडलेल्या एका रेल्वे स्टेशनाच्या जागेंत १८६७ सालीं नृत्य-संगीताचें एक सभागृह निघालें. पुढें सर्कसवाल्या जॉर्ज सँगरनें तें घेतलें आणि शेजारीं वाघसिंहांचे पिंजरे उभारले. १९१९ सालीं जॉन हेन्री आइल्स यानें ही सारी जागा खरेदी करून तिला ड्रीमलँड हें नांव दिलें, आणि १९२० सालीं तेथें 'सीनिक रेल्वे' चालूं केली. ही रेल्वे म्हणजे लांकडी खांबांच्या जंगलावरून डोंगरदऱ्यांसारखी चढत-उतरत जाणारी गाडी. तिला आजच्या यंत्रांसारखे आपोआप लागणारे अटकाव नव्हते. गाडीवरच एक माणूस उभा राही आणि उतारावर हातानें दांडा ओढून वेग आवरी. माणसाच्या अंदाजावर चाललेली ही भयंकर मौज पाहण्यास लोक लोटले. १९३५ सालीं आवाराच्या पुढच्या बाजूस नव्या धर्तीचें चित्रपटगृह बांधण्यांत आलें. त्याचा माशाच्या पंखासारखा उभा मनोरा समुद्रावरून दुरून दिसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरचीं पंधरा-वीस वर्षें चांगलीं गेलीं. मग मात्र उतार लागला. विमानाचें भाडें आणि स्पेनमधील हॉटेल एकत्र करून स्वस्तांत विकण्याची पद्धति आली. आणि जेथें आठवड्यांतून चार दिवस पाऊस पडण्याची भीति आहे अशा किनाऱ्यावर पैसे कोणी घालवावे, असा साधा हिशेब लोकांनीं केला. १९६४ सालच्या मे महिन्यांत सुटीच्या दिवशीं मोटारसायकलवाल्या आणि स्कूटरवाल्या तरुणांच्या टोळ्यांनीं पुळणीवर मारामाऱ्या केल्या. त्या बातम्यांनीं कुटुंबवत्सल माणूस बिचकला. १९७८ च्या जानेवारींत एका वादळानें बर्चचा लोखंडी धक्का मोडून टाकला. १९९६ सालीं समुद्रस्नानाचें रुग्णालयहि बंद झालें.

या सगळ्यांत सर्वांत खोल जखम झाली ती क्लिफ्टनव्हिलला. जेथें एके काळीं संध्याकाळीं वाद्यवृंद वाजत असे, तीं चार-पांच मजली हॉटेलें रिकामीं पडलीं. मालकांनीं प्रत्येक खोलींत एक चूल आणि एक खाट टाकून त्या आठवड्याच्या भाड्यानें देण्यास सुरुवात केली. स्वस्त खोल्या आहेत हें लक्षांत येतांच लंडनमधील नगरसंस्थांनीं आपल्याकडील बेघर कुटुंबें आणि अनाथ मुलें येथें पाठविलीं. दूरदूरच्या देशांतील युद्धांतून पळालेले निर्वासितहि येथेंच आले. आजाऱ्यांसाठीं रुग्णालय उभारणाऱ्या गांवावर आतां दुसऱ्यांचीं दुःखें सांभाळण्याची पाळी आली. पण या वेळीं त्या कामासाठीं लागणारा पैसा मात्र कोणी पाठविला नाहीं. एकविसाव्या शतकाचें पहिलें दशक सरतां सरतां मुख्य बाजारपेठेंतील सुमारें तिसरा हिस्सा दुकानें बंद होतीं. साऱ्या इंग्लंडांत सर्वाधिक बंद दुकानें असलेला बाजार म्हणून मार्गेटचें नांव वर्तमानपत्रांत येऊं लागलें.

गांव पुन्हा उभें करावयाचें तर तें चित्रकलेच्या जोरावर करावें, ही कल्पना सरकारी कचेरींत जन्मली नाहीं. १९९४ सालीं मार्गेटच्या नागरिकमंडळाचे जॉन क्रॉफ्ट्स यांनीं ती प्रथम मांडली. टर्नर येथें राहिला होता, मग त्याच्या नांवाचें एक कलाभवन येथें कां नसावें, एवढाच त्यांचा सरळ प्रश्न होता. पुढें केंट परगण्याच्या मंडळानें ती उचलून धरली आणि तेव्हांपासून तिचें सरळपण संपलें. २००१ सालीं एक भव्य आराखडा पसंत करण्यांत आला. त्याप्रमाणें कलाभवन जमिनीवर नव्हे, तर बंदराच्या दगडी बांधाला लागून प्रत्यक्ष समुद्रांत उभें राहावयाचें होतें. चित्रांत तें एखाद्या शिंपल्यासारखें फार मोहक दिसे. परंतु मार्गेटच्या समुद्रानें एक लोखंडी धक्का केव्हांच गिळला होता. लाटांचा मारा सोसण्याइतकें बांधकाम भक्कम करतां करतां खर्चाचा अंदाज अनेक पटींनीं वाढला आणि २००६ सालीं ती योजना सोडून द्यावी लागली. गांवांतील संशयी लोकांना हसावयास कारण मिळालें. ज्या गांवांत मुलांना नोकऱ्या नाहींत तेथें चित्रें घेऊन काय करावयाचें, हें त्यांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच चुकीचें होतें असें म्हणतां येणार नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच २००६ सालीं कागदावरील कलाभवन बुडालें आणि लोकांच्या हातचें एक शिल्प उभें राहिलें. आर्टएंजल या संस्थेनें बायबलमधील मोझेसची कथा आजच्या मार्गेटमध्यें घडते आहे अशा कल्पनेनें एक मोठा उपक्रम योजिला होता. जुलमी राजा, हांकलून दिलेले लोक, नव्या भूमीचा शोध. ही कथा त्या गांवांत कोणाला समजावून सांगावी लागली नसावी. पेनी वुलकॉक या दिग्दर्शिकेनें तिच्यावर चित्रपट काढला आणि त्यांत गांवचीच माणसें घेतलीं. वेंडी इवाल्ड या छायाचित्रकार बाईंनीं बाहेरून येऊन मार्गेटला राहिलेल्या २२ मुलांबरोबर काम केलें होतें. त्या मुलांचीं प्रचंड छायाचित्रें गांवच्या भिंतींवर लावण्यांत आलीं. ज्यांच्याकडे लोक मान वळवून पाहत नसत, तीं मुलें एकाएकीं इमारतींएवढीं मोठीं झालीं.

आणि शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनीं टाकाऊ वस्तूंचा एक पुतळा उभारला. बंद पडलेल्या ड्रीमलँडच्या ओसाड आवारांत सुमारें सहा आठवडे हें काम चाललें होतें. गांवकऱ्यांनीं आणि कचरा वाहणाऱ्या खात्यानें मिळून सुमारें ३० टन सामान जमविलें. मोडक्या खुर्च्या, जेवणाचीं टेबलें, खाटा, दरवाजे, पियानो. उतरणीस लागलेल्या हॉटेलांच्या गांवीं अशा वस्तूंचा तोटा नव्हता. त्यांतून ऐंशी फुटांच्या आसपास उंचीचा, एक हात वर केलेला माणूस तयार झाला. ३० सप्टेंबर १९०६ नव्हे, २००६ ची ती संध्याकाळ (जुनाट वस्तूंचा तो ढीग पाहून शतकाची चूक कोणाचीहि व्हावी) हजारों लोक जमले, आणि त्या पुतळ्याला अग्नि देण्यांत आला. अर्ध्या तासाच्या आंतबाहेर सारें जळून राख झालें. पाहणाऱ्यांत अशीं माणसें होतीं कीं, ज्यांच्या घरची खुर्ची त्या ज्वाळांत होती. कलेशीं आपला संबंध काय, या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं व्याख्यानावांचून मिळालें.

कलाभवनहि अखेर झालें. डेव्हिड चिपरफील्ड या स्थापत्यविशारदाकडे काम सोंपविण्यांत आलें आणि त्यानें समुद्रांत जाण्याचा हट्ट सोडून कांठावर, सोफिया बूथच्या घराच्या जागींच, उतरत्या छपरांच्या सहा पांढऱ्या दालनांची इमारत बांधली. उत्तरेकडील उजेड छपरांतून आंत यावा अशी तिची रचना आहे. म्हणजे टर्नरला जें आकाश दिसत असे तेंच आंतल्या भिंतींवर उतरतें. खर्च १ कोटि ७५ लक्ष पौंड आला. १६ एप्रिल २०११ रोजीं 'टर्नर कंटेंपररी' या नांवानें तें उघडलें. प्रवेशास मूल्य नाहीं. पहिल्या वर्षांतच पांच लाखांच्या जवळपास माणसें येऊन गेलीं. रोदांचें संगमरवरी चुंबनशिल्प त्याच वर्षीं येथें आणून मांडण्यांत आलें होतें, आणि मागें खिडकींतून समुद्र दिसत होता. या यशांत रेल्वेचा वांटा विसरतां कामा नये. २००९ च्या डिसेंबरांत लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनापासून अतिवेगाची गाडी सुरू झाली होती आणि प्रवास दीड तासावर आला होता. १८४६ सालीं जें घडलें तेंच पुन्हा घडत होतें. गाडी आधीं, पाहुणे मागाहून.

सरकारी अनुग्रहाचा एक दुसरा प्रयोगहि या सुमारास झाला. बाजारपेठा सुधारण्यासाठीं मेरी पोर्टास या बाईंच्या सल्ल्यानें निवडलेल्या पहिल्या बारा गांवांत २०१२ सालीं मार्गेटचें नांव आलें. सुमारें १ लक्ष पौंड आले, त्यांच्या मागोमाग दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले, आणि गांवसमितींत भांडणें लागलीं. त्याविषयीं यापेक्षां अधिक सांगण्यासारखें नाहीं.

ड्रीमलँडची कथा मात्र निराळी आहे. २००३ सालीं तेथील मालकानें जत्रा बंद करून जागा दुसऱ्या कामाला लावण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच वर्षीं कांहीं सामान्य नागरिकांनीं 'ड्रीमलँड वांचवा' अशी चळवळ सुरू केली. त्यांच्या हातांत एकच शस्त्र होतें. लांकडी सीनिक रेल्वेची नोंद २००२ सालीं संरक्षित वास्तूंच्या यादींत झालेली होती. देवळें, वाडे, पूल यांच्या यादींत एक जत्रेंतील गाडी! इंग्लंडांत अशी नोंद होण्याची ही पहिलीच वेळ. त्यामुळें ती पाडणें कायद्यानें कठीण झालें. ७ एप्रिल २००८ रोजीं तिला आग लागली, आणि ती मुद्दाम लावण्यांत आली असल्याचा निष्कर्ष निघाला. तिचा मोठा भाग जळाला. तरी चळवळीनें उरलेल्या सांगाड्याकडे बोट दाखवून सांगितलें, कीं लांकडी रेल्वेचीं लांकडें बदलण्याचीच असतात, नव्वद वर्षें तीं बदललींच जात होतीं. हा युक्तिवाद फार महत्त्वाचा ठरला. थॅनेटच्या जिल्हामंडळानें ती जागा सक्तीनें संपादन करण्याचें ठरविलें. प्रकरण न्यायालयांत रेंगाळलें. अखेर २०१३ च्या सप्टेंबरांत ताबा मिळाला. राष्ट्रीय लॉटरीच्या पैशांतून मदत झाली. जुगाराचा पैसा वारशाच्या जतनास लागावा ही इंग्रजी व्यवहारांतील एक मौजच म्हणावयाची. जून २०१५ मध्यें आवार उघडलें आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत गाडी पुन्हा धांवली. व्यापारी हिशेब मात्र जमला नाहीं. चालविणारी कंपनी वर्षाच्या आंतच डबघाईस आली व पुढें नव्या भांडवलावर कारभार चालवावा लागला. लोकांनीं वांचविलेली वस्तु चालविण्याचें गणित लोकांना सोडवितां येतेंच असें नाहीं.

याहून लहान, म्हणूनच कदाचित् अधिक शिकविणारें उदाहरण भुयारांचें आहे. मार्गेटच्या पोटांत खडू काढण्यासाठीं खणलेलीं जुनीं भुयारें आहेत आणि त्यांच्या भिंतींवर कोण्या हौशी माणसानें पूर्वीं रंगविलेलीं चित्रें आहेत. पिढ्यान् पिढ्या शाळकरी मुलें तेथें जात. २००४ सालीं सुरक्षिततेच्या कारणावरून तीं बंद करण्यांत आलीं, आणि पुढें वरच्या जमिनीवर घरें बांधण्याची योजना निघाली. २०११ सालीं कांहीं रहिवाशांनीं एकत्र येऊन तिला विरोध केला. पुढची आठ वर्षें त्यांनीं अर्ज लिहिले, पैसा गोळा केला, विश्वस्त संस्था काढली. २०१९ च्या ऑगस्टांत भुयारें उघडलीं. वर एक लहानशी इमारत आहे. पाहुण्यांना माहिती सांगण्याचें काम स्वयंसेवक करतात. ना मोठा शिल्पकार, ना मोठा स्थापत्यविशारद. आठ वर्षें चिकाटी धरणें ही ज्या थोड्या माणसांची एकमेव कला होती, त्यांनीं हें घडविलें.

कलाभवनानेंहि या बाबतींत एक धडा घेतला, आणि त्याचें श्रेय त्याला दिलें पाहिजे. एलियटच्या काव्याचा आणि चित्रकलेचा संबंध दाखविणारें प्रदर्शन भरवावयाचें ठरलें, तेव्हां त्याची निवड पंडितांवर न सोंपवितां गांवकऱ्यांच्या एका मंडळावर सोंपविण्यांत आली. ज्याला यावेंसें वाटेल त्यानें यावें. कलेच्या ज्ञानाची अट नव्हती. हें मंडळ तीन वर्षें जमत राहिलें. इंग्रजी भाषेंतील अत्यंत दुर्बोध समजल्या जाणाऱ्या काव्यांपैकीं एक काव्य त्यांनीं ओळ ओळ लावून वाचलें. कोणतें चित्र घ्यावें, तें कोणत्या चित्राशेजारीं टांगावें, भिंतीवर काय लिहावें, यावर त्यांनीं वाद घातले. एरवीं हीं कामें बंद दारांआड होत असतात आणि प्रेक्षकाला फक्त निकाल पाहावयास मिळतो. फेब्रुवारी २०१८ मध्यें तें प्रदर्शन उघडलें, तेव्हां साठांहून अधिक कलावंतांच्या शंभरच्या आसपास कृति त्यांत होत्या. टर्नर, पॉल नॅश, एडवर्ड हॉपर यांसारख्यांचीं चित्रें दूरदूरच्या संग्रहालयांतून आलीं, तीं या मंडळाच्या मागणीवरून. जेथें बसून कवीनें तें काव्य लिहिलें तो आडोसा तेथून चालत जाण्याच्या टप्प्यांत आहे.

दुसऱ्या वर्षीं, म्हणजे २०१९ सालीं, इंग्लंडांतील प्रसिद्ध टर्नर पारितोषिकाचें प्रदर्शन मार्गेटला भरलें. ३ डिसेंबर रोजीं निकालाचा समारंभ झाला तो संग्रहालयांत नव्हे, ड्रीमलँडमध्यें. स्पर्धेंतील चारहि कलावंतांनीं परीक्षकांना आधींच पत्र लिहून, आम्हांत निवड करूं नका, पारितोषिक चौघांना मिळून द्या, अशी विनंति केली होती, आणि परीक्षकांनीं ती मान्य केली. हॉल बाय द सी, सँगरचे वाघ, आइल्सची गाडी आणि आगीचा डाग, इतकें सगळें ज्या आवारानें पाहिलें, तेथें हा प्रकार घडावा हें मार्गेटच्या इतिहासाला शोभून दिसलें.

येथवरची हकीकत आनंदाची आहे. आतां तिच्या पोटांतील अडचण. २०११ सालींच जिल्हामंडळानें क्लिफ्टनव्हिलच्या भागांत घरमालकांना परवाना घेणें भाग पाडलें होतें. भाडेकऱ्यांच्या कोंडवाड्यांना आळा बसावा हा त्याचा हेतु. पण कलाभवनाच्या मागोमाग लंडनहून चित्रकार आले, चित्रकारांमागोमाग कॉफीची दुकानें आलीं, त्यांच्या मागोमाग दुसरें घर घेऊं इच्छिणारे आले, आणि २०२० च्या साथीनंतर तर समुद्रकांठच्या घरांना फारच मागणी आली. ज्या खोल्या गरिबांना आठवड्याच्या भाड्यानें मिळत, त्यांपैकीं पुष्कळ आतां पाहुण्यांना रात्रीच्या भाड्यानें मिळतात. लंडनहून आलेल्यांसाठीं जुन्या रहिवाशांनीं एक टोपणनांवहि पाडलें आहे. त्यांत थट्टा आहे तितकाच राग आहे. मार्गेटमध्येंच वाढलेल्या चित्रकर्त्री ट्रेसी एमिन गांवीं परत आल्या आणि २०२३ सालीं त्यांनीं सार्वजनिक स्नानगृहाच्या एका जुन्या इमारतींत कलावंतांसाठीं कमी भाड्याच्या काम करण्याच्या खोल्या व शिकणाऱ्यांसाठीं राहण्याची सोय केली. त्यांचें हें औदार्य खरें आहे. तरी तें कलावंतांपुरतें आहे. कलाभवनाच्या फरशा पुसणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाहीं.

दुकानें उघडलीं हें खरें, आणि तीं कोणासाठीं उघडलीं हा प्रश्नहि खरा. तिकडे १९११ सालीं कड्याच्या खोबणींत बांधलेलें विंटर गार्डन्स हें गांवचें मोठें नाट्यगृह, जेथें सामान्य मार्गेटकर कुटुंबानें वर्षानुवर्षें हंसावयास व गाणें ऐकावयास जावें, तें २०२२ सालीं बंद पडलें. बाहेरचा पाहुणा त्याच्यावरून चालत कलाभवनाकडे जातो. २००६ सालच्या त्या संध्याकाळीं ज्या मुलांनीं घरांतील मोडकी खुर्ची ओढत ड्रीमलँडच्या आवारांत नेली, तीं आतां तिशींत आलीं आहेत. त्यांना स्वतःचीं मुलेंबाळें झालीं असतील. त्यांपैकीं कितीजणांना आपल्याच गांवांत भाड्याचें घर परवडतें, याचा हिशेब जिल्हामंडळाच्या टेबलावर पडला आहे.